मंडळीचं दप्तर : कोकणातल्या पाळकांना आणि पास्टरेट कमिट्यांना नेहमी पडणारे प्रश्न

कोकणातल्या मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे सभासद, लहान. रविवारी उपासनेला पंधरा-वीस घरं, त्यातली निम्मी म्हातारी माणसं. मुंबईला गेलेली पोरं नाताळला आणि मे महिन्यात आली की चर्चमध्ये बसायला जागा पुरत नाही, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना दाखले, लग्नाच्या तारखा आणि बाप्तिस्मे हवे असतात. मंडळी कितीही लहान असली तरी दप्तर, म्हणजे नोंदवह्या, कागद आणि हिशेब, मोठ्या मंडळीएवढंच ठेवावं लागतं. पास्टरेट कमिटीचा (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचा) चिटणीस म्हणून मी ते बरीच वर्षं सांभाळलं. त्या काळात फोनवर पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डायोसीसप्रमाणे (एका बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाप्रमाणे) नियमांत थोडाफार फरक पडतो, तेव्हा अडलं तर आधी डायोसीसच्या ऑफिसला फोन करा.

आपण अँग्लिकन की सीएनआय? फॉर्मवर नक्की काय लिहायचं?

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) लिहा आणि त्याखाली डायोसीसचं आणि पास्टरेटचं नाव. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झाली. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली चर्च, ही त्या सहांपैकी एक. आजही सीएनआय जागतिक अँग्लिकन परिवाराची सभासद आहे, म्हणून "अँग्लिकन" म्हटलं तर खोटं ठरत नाही, पण कायदेशीर नाव सीएनआयच.

हा प्रश्न कोकणात जास्त येतो, कारण इथे एका किनाऱ्यावर तीन परंपरा आल्या. बाणकोट-हर्णैला १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी होते. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले. दापोलीत एसपीजी (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल) ही अँग्लिकन मिशन होती. दापोलीच्या ए. जी. हायस्कूलमधले ए. जी. म्हणजे याच मिशनचे अल्फ्रेड गॅडनी. साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेत शिकले हे गावात कुणालाही विचारा, ते अभिमानाने सांगतील. दप्तराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की जुन्या नोंदवह्यांचे रकाने सगळीकडे सारखे नाहीत. कुठे धर्मपिता-धर्ममातेचा (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्यांचा) रकाना असतो, कुठे नसतो. जुन्या वहीत नसलेला रकाना दाखल्यात आपल्या मनाने भरू नका.

लग्न लावायला पाळकाला सरकारी परवाना लागतो का?

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे बिशपांच्या हस्ते दीक्षा झालेला माणूस, म्हणजे पाळक, आपल्या चर्चच्या विधीनुसार लग्न लावू शकतो. त्याला वेगळा परवाना नको. दीक्षा न झालेल्या प्रचारकाला किंवा उपासना चालवणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना मात्र लग्न लावता येत नाही, मग ते मंडळीत कितीही वर्षं सेवा करत असोत. पाळक आजारी पडले तर शेजारच्या पास्टरेटचे पाळक बोलवा. अधिकार नसताना लग्न लावण्याला या कायद्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

लग्नाआधी कोणते कागद मागायचे?

दोघांचे जन्मदाखले, बाप्तिस्म्याचे दाखले, ज्या मंडळीचे सभासद आहेत तिथल्या पाळकांचं पत्र, ओळखपत्र, फोटो. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. कुणी विधुर किंवा विधवा असेल तर आधीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा बघा, वकिलाचं पत्र किंवा गावकीतली सोडचिठ्ठी चालत नाही. लग्नाची सूचना तीन रविवार वाचून दाखवा. मुलगा मुंबईच्या मंडळीतला असेल तर तिथेही वाचली गेली पाहिजे आणि तसं पत्र आलं पाहिजे. व्हॉट्सअॅपवर आलेल्या पत्राची छपाई काढून ठेवलीत तरी मूळ कागद लग्नाच्या दिवसापर्यंत मागून घ्याच.

लग्न संध्याकाळी सातनंतर का लावता येत नाही?

कारण कलम १० तसं सांगतं : सकाळी सहा ते संध्याकाळी सात. बिशपांचा खास परवाना असेल तर वेळेला सूट मिळते, पण तो हातात असायला हवा, "मिळेल" म्हणून चालत नाही. जाणूनबुजून वेळ मोडली किंवा दोन साक्षीदारांशिवाय लग्न लावलं, तर लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एकदा मुंबईहून येणारी वऱ्हाडाची बस वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. चारचं लग्न. पाच वाजले, सहा वाजले, नवरी साडीवर घाम येऊ नये म्हणून पंख्याखाली बसलेली, ऑर्गनवाला तेच एक गीत चौथ्यांदा वाजवतोय. सहा वाजून वीस मिनिटांनी बस आली. पाळकांनी उपदेश गुंडाळला, गीताची दोनच कडवी घेतली आणि पावणेसातला वधूवरांना पती-पत्नी जाहीर केलं. नवरदेवाचे काका आजही म्हणतात की उपदेश त्याच दिवशी बरा झाला. तेव्हापासून लांबून वऱ्हाड येणार असेल तर मी लग्न दुपारी दोनच्या पुढे धरतच नाही.

किनाऱ्यावर लग्न लावून मिळेल का? मंडप, फोटोग्राफर सगळं ठरलंय.

हा प्रश्न आता दर हिवाळ्यात येतो. कायद्याच्या कलम ११ मध्ये अँग्लिकन पाळकांसाठी नियम आहे : लग्न नेहमीच्या उपासनेच्या चर्चमध्येच लावायचं. पाच मैलांच्या आत तसं चर्च नसेल किंवा बिशपांचा खास परवाना असेल तरच दुसरीकडे. म्हणून रिसॉर्टवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधी पाळकांशी बोला. बहुतेक वेळा तोडगा सोपा असतो. सकाळी चर्चमध्ये लग्न, सही-शिक्के तिथेच, आणि संध्याकाळी वाळूत केक. कोकणात चर्च आणि समुद्र यांत अंतर ते किती असणार?

एक जण ख्रिस्ती नसेल तर?

दोघांपैकी एक ख्रिस्ती असेल तरी या कायद्याखाली लग्न होऊ शकतं. पण चर्चचे स्वतःचे नियम आहेत, त्यासाठी बिशपांची परवानगी विचारा. दुसरा रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एक तरी जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा, निबंधकाकडे नोटीस द्यायची आणि ३० दिवस थांबायचं. असं कोर्टातलं लग्न करून जोडपं आशीर्वादासाठी चर्चमध्ये आलं, तर आशीर्वाद जरूर द्या, पण त्याची नोंद लग्नाच्या वहीत करू नका. ती उपासनेच्या वहीत जाते. लग्नाच्या वहीत घातलीत तर एकाच जोडप्याची दोन लग्नं कागदावर उभी राहतात आणि पुढे व्हिसाच्या वेळी तेच जोडपं तुमच्या दारात येऊन बसतं.

लग्नाच्या नोंदवहीत चूक झाली. खोडून दुरुस्त करू का?

नाही. व्हाइटनर तर मुळीच नाही. कलम ७८ मध्ये दुरुस्तीची रीत दिलेली आहे आणि ती सांभाळली तर काहीही अवघड नाही. चूक लक्षात आल्यापासून एका महिन्याच्या आत, वधूवरांच्या समोर, मूळ नोंदीला हात न लावता बाजूच्या समासात बरोबर मजकूर लिहायचा, नोंद करणाऱ्याने सही आणि तारीख टाकायची. वधूवर हयात नसतील किंवा येऊ शकत नसतील तर दोन विश्वासू साक्षीदार पुरतात. ज्यांच्यासमोर दुरुस्ती झाली त्यांच्याही सह्या हव्यात. तीच दुरुस्ती दाखल्यावर. दाखल्याची प्रत सरकारकडे आधीच गेली असेल, तर चुकीची नोंद आणि दुरुस्ती दोन्ही दाखवणारी वेगळी प्रत पाठवायची.

समासात जागाच नसेल तर? म्हणूनच सांगतो, लिहिताना समास सोडा. आमच्या एका जुन्या वहीत कुणा काटकसरी पाळकांनी कागद वाचवायला समासापर्यंत ओळी खेचल्या आहेत. अक्षर मोत्यासारखं, पण दुरुस्तीला बोटभर जागा नाही.

आणि शाई. जुलैतलं एक लग्न मला आठवतं. नवरीच्या भावाने जेल पेनने सही केली आणि ओल्या बाहीचा हात तसाच पानावरून फिरवला. सही, साक्षीदाराचं नाव आणि खालची अर्धी ओळ निळ्या ढगासारखी पसरली. पुन्हा सगळ्यांना समोर बसवून समासात लिहावं लागलं, त्यात भाऊ जेवायला पळालेला. आता वहीसोबत एक साधं बॉलपेन दोऱ्याने बांधून ठेवतो. बँकेत असतं तसं, लोक हसतात, हसू देत.

नोंदी अनुक्रमाने, मधलं पान न सोडता. वहीतला क्रमांक आणि दाखल्यावरचा क्रमांक एकच. सह्या लग्न लावणाऱ्याच्या, वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या, त्याच दिवशी, जेवणाआधी. अँग्लिकन पाळकांनी दर तिमाहीनंतर दोन आठवड्यांत लग्नांच्या नोंदींचं विवरण पाठवायचं असंही कायद्यात आहे. डायोसीसने सांगितलेल्या रीतीने ते पाठवा. तिमाहीत एकही लग्न झालं नसेल, तरी "निरंक" असं लिहून पाठवलेलं बरं.

बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखला म्हणून चालतो का?

आता नाही. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत २१ दिवसांच्या आत करायची. एक वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांकडून जन्मदाखल्याची प्रत मागा आणि नाव त्यावर आहे तसंच लिहा. घरात हाक मारायचं नाव वेगळं असेल तर ते हाक मारायलाच राहू द्या. वहीत एक, आधारवर दुसरं आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर तिसरं असलेली माणसं कोकणात घराघरांत आहेत.

जुन्या पिढीचं वेगळं. ज्यांची जन्मनोंदच नाही अशा आजी-आजोबांसाठी बाप्तिस्म्याची वही हा पूरक पुरावा ठरू शकतो. तेव्हा उतारा देताना अक्षरशः जे लिहिलंय तेच द्या. "अंदाजे सहा महिन्यांचा" असं लिहिलेलं असेल तर दाखल्यातही तेच लिहा, हिशेब करून तारीख काढू नका.

काही कुटुंबांना तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नको, मोठेपणी हवा आहे.

सीएनआयमध्ये दोन्ही मान्य आहेत. बाप्तिस्मा न देता बाळाचं नुसतं अर्पण (देवाला समर्पण करण्याची प्रार्थना) केलं तर ते बाप्तिस्म्याच्या वहीत नोंदवू नका, एवढंच.

अंत्यविधीच्या वेळी कोणते कागद बघायचे?

डॉक्टरांचं मृत्यूचं प्रमाणपत्र आणि दफनाची परवानगी. मृत्यूची नोंदही २१ दिवसांत. मुंबईत मृत्यू होऊन दफन गावी होणार असेल तर नोंद मुंबईला होते, इथल्या ग्रामसेवकाच्या मागे लागून उपयोग नाही. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांच्या कागदाशिवाय खड्डा खणायला सांगू नका, घरच्यांनी कितीही घाई केली तरी.

दफनाच्या वहीत कबरीची जागा लिहायची सवय लावा. "मोठ्या फणसाच्या खाली" असं एका नोंदीत आहे. फणस कधीच पडला.

विलायतेहून लोक पणजोबांची कबर शोधत येतात. काय मदत करायची?

चहा द्या, वही दाखवा, पण वही हातात देऊ नका आणि पानांवर फ्लॅश मारू देऊ नका. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुख्यतः युरोपियन लोकांच्या नोंदी आहेत, पण तुमची जुनी वही वाळवीने खाल्ली असेल तर त्या पाहुण्यांना तिकडे पाठवता येतं. दक्षिण आशियातल्या जुन्या युरोपियन दफनभूमींसाठी १९७६ पासून काम करणारी एक ब्रिटिश संस्थाही आहे. कबरीवरच्या लेखाचा फोटो आजच काढून ठेवा. जांभा आणि चुना पावसाला फार वर्षं तोंड देत नाहीत.

नोंदवह्या पावसाळ्यात कशा सांभाळायच्या?

लोखंडी कपाट, भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून वर, विटांवर. भिंतीला टेकवलेलं लाकडी कपाट म्हणजे वाळवीला आमंत्रण. ती जांभ्याच्या सांध्यातून येते आणि बाहेरून काही दिसत नाही. आगोटीच्या (पावसाळा लागण्याच्या) आधी प्रत्येक वही बाहेर काढून चाळा. गणपतीनंतर ऊन पडलं की सावलीत वारा द्या, थेट उन्हात नको. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत बुरशी धरते.

प्रत्येक पानाचा फोटो काढून एक प्रत डायोसीसकडे आणि एक गावाबाहेरच्या कुणाकडे ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे शेकडो कौलारू छपरं उडाली, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. तशा वेळी माणूस आधी माणसं काढतो, वह्या नाही, आणि तेच बरोबर आहे. म्हणून फोटो आधी.

रविवारचं दान आणि हंगामाच्या सणाचा लिलाव : हिशेब कसा ठेवायचा?

दान दोघांनी मोजायचं, तिथेच, वेदीजवळच्या टेबलावर. दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत. एकटा खजिनदार घरी नेऊन मोजतो ही पद्धत तो संत असला तरी बंद करा, त्याच्याच भल्यासाठी.

सणाला लोकांनी दान दिलेल्या वस्तूंच्या लिलावाची गंमत वेगळी. नारळ, भोपळा, भात पायली-दोन पायली, एखादा कोंबडा. कोंबडा दोनदा-तीनदा फिरतो : पहिला घेणारा बोली भरून तो परत दान करतो, पुन्हा लिलाव होतो. हिशेबात प्रत्येक बोलीची वेगळी पावती फाडा, वस्तू तीच असली तरी. उधारीवर घेतलेल्या बोलींची यादी त्याच संध्याकाळी करा. पुढच्या वर्षीच्या लिलावात मागच्या वर्षीची उधारी काढणं हे अंगणात भांडण उकरण्यासारखं असतं.

आखातातला सभासद छतासाठी पैसे पाठवू म्हणतो. घ्यायचे का?

त्याचा पासपोर्ट कुठला हे विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत आणि त्याचं पत्र पावतीच्या फाइलला लावा. तो आता ब्रिटिश किंवा कॅनेडियन नागरिक झाला असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी ती परदेशी देणगीच. एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. डायोसीसच्या एफसीआरए खात्यात घेऊन आपल्याकडे वळवू हा जुना रस्ता २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. हे सगळं आखातातल्या भावाला फोनवर पटवणं जड जातं, पण छत गळतंय म्हणून नियम गळत नाहीत.

चर्चच्या आवारातली आंब्याची कलमं मक्त्याने देता येतात का?

वर्षाच्या मक्त्याने द्या. लेखी करार, रक्कम बँकेतून. मोहोर बघून ठरवलेला आकडा पुढे पाऊस पडला म्हणून कमी करायचा की नाही, तेही करारात लिहा, कारण वाद तिथेच होतो. लांब मुदतीचा करार मात्र करू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त, बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी हवी. विक्री आणि गहाण यांनाही तेच.

तोच माणूस दरवर्षी कलमं करत असेल तर सातबारा दरवर्षी काढून बघा. पीकपाहणीत किंवा इतर हक्कांत भलतंच नाव दिसलं तर लगेच तलाठ्याकडे हरकत. कोकणात कूळ हा शब्द काय करू शकतो हे वेगळं सांगायला नको. आणि एक लक्षात ठेवा : जमीन बहुतेक ठिकाणी डायोसीसच्या ट्रस्टच्या नावावर असते, पास्टरेट कमिटीच्या नाही. आपण राखणदार. करारावर सही कुणाची चालेल, हे सही करायच्या आधी विचारा.

कमिटी बदलली. कुणाला कळवायचं?

तुमच्या मंडळीचा स्वतंत्र नोंदलेला ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. हिशेब ३१ मार्चपर्यंतचे, लेखापरीक्षण करून. बदल अर्ज वर्षानुवर्षं न दिलेल्या मंडळ्यांमध्ये आज कागदावर वारलेली माणसं विश्वस्त आहेत, आणि बँक त्यांच्याच सह्या मागते.

नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेला स्पीकर लावता येतो का?

रात्री १० ते सकाळी ६ बाहेर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. कलेक्टरांच्या आदेशात २४ डिसेंबर आहे का ते बघा. नसेल तर दारं लावून आतल्या आत गा. तरुण संघाला हे आवडणार नाही.

संडे स्कूलमध्ये एखाद्या मुलाबाबत काही वाईट कानावर आलं तर?

पोलिसांना कळवा. कमिटीची बैठक घेऊन चर्चा करू, दोन्ही घरं आपलीच आहेत, असं म्हणू नका. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. नाव चारचौघांत जाणार नाही याची काळजी घ्या. शिकवणाऱ्या शिक्षकासोबत नेहमी दुसरं मोठं माणूस असावं आणि वर्गाचं दार उघडं असावं, हे आधीच ठरवून टाका.

पाळकांची बदली झाली. चार्ज कसा घ्यायचा?

गाडीत सामान चढण्याआधी. दोघे पाळक, चिटणीस आणि खजिनदार टेबलाभोवती बसले की यादी वाचत जायची : बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी), लग्न, दफन, उपासना या वह्या, प्रत्येकीतला शेवटचा क्रमांक लिहून. कोऱ्या दाखल्यांची पुस्तकं, किती पानं उरली ते मोजून. प्रभुभोजनाची भांडी. पासबुक, चेकबुक, ठेवींच्या पावत्या. सातबारा, घरपट्टीच्या आणि महावितरणच्या पावत्या. किल्ल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून. आमच्याकडे एक किल्ली अशी आहे की ती कशाची ते चार पाळकांना माहीत नव्हतं. पण यादीत ती आहे, "एक पितळी किल्ली, उपयोग माहीत नाही" अशी, आणि चौघांच्याही सह्या तिच्याखाली आहेत.